टर्बो बसवला, इंजेक्टर बदलले, आता ट्यूनिंग: साताऱ्यात राहणाऱ्या गाडीसाठी सविस्तर मार्गदर्शक

डिसेंबरात डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) झकास निघालेली माझी आबार्थ पुंटो पुढच्याच एप्रिलात खंबाटकी घाटाच्या चढावर जायबंदी झाली. पुण्याहून परत येत होतो. गाडीत चौघं, एसी चालू, पुढे लोखंड भरलेला ट्रेलर. तिसऱ्या गिअरला, अडीच हजार आरपीएमवर ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि डब्यात हरभरे घालून हलवावेत तसा आवाज आला. दोन-तीन सेकंदच. गाडी घरापर्यंत आली, पण दुसऱ्या दिवशी आयडलला थरथरायला लागली. कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरात बनणारा दाब) मोजलं तर १५२, १५०, ८५, १५१ पीएसआय. तीन नंबरचा पिस्टन बाहेर काढला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला काठ नखाएवढा तुटून गेला होता आणि माथ्याची कड वाळूने घासल्यासारखी खरबरीत झाली होती.

मॅप, म्हणजे पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारा ईसीयूतला तक्ता, करणारा माणूस अनाडी नव्हता. त्याने थंडीतल्या सकाळी, पुढे मोठा पंखा लावून, टाकीत महागडं प्रीमियम पेट्रोल असताना मॅप केला. त्या दिवशी, त्या हवेत तो बरोबरच होता. गाडी मात्र साताऱ्यात राहते. उन्हाळ्यात ३८-४० अंशांत फिरते, मिळेल त्या पंपावरचं पेट्रोल पिते आणि दर आठवड्याला कुठला ना कुठला घाट चढते. तेव्हापासून मी ट्यूनिंग नव्याने शिकलो आणि एक गोष्ट पक्की धरली: मॅप डायनोच्या कागदासाठी करायचा नाही, गाडी ज्या वाईट दिवशी, वाईट चढावर, वाईट पेट्रोलवर सापडेल त्या दिवसासाठी करायचा. खाली लिहिलंय ते सगळं त्याच हिशोबाने आहे.

उदाहरण माझ्याच गाडीचं घेतो. १.४ टी-जेट इंजिन, १३६८ सीसी, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी, कंपनीतून १४५ हॉर्सपॉवर. गाडी आपल्या शेजारच्या रांजणगावच्या कारखान्यातली. आता त्यात फोर्ज्ड पिस्टन, थोडा मोठा टर्बो, पुढचा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि पूर्णपणे हातात असणारा स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आहे. तुमची गाडी पोलो असो की ऑक्टाव्हिया, क्रम हाच राहतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टीएसआयसारख्या इंजिनांत मात्र इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपाचं गणित वेगळं असतं, तिथे खालचे आकडे जसेच्या तसे लावू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी हात वर होतात. गाडी ट्रॅकसाठी असेल तर ती ट्रॅकवर न्या. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका. नीट मॅप केलेल्या इंजिनाला त्याचा फारसा अडथळा होत नाही, आणि मागच्या माणसाने तुमचा धूर का प्यावा?

पहिली पायरी: लॅपटॉप उघडायच्या आधी

निम्मं ट्यूनिंग पान्याने होतं. हे लोकांना पटत नाही, कारण स्क्रीनवर आकडे हलवण्यात जास्त मजा असते. पण बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेची) नळी गळत असेल तर तुम्ही गळतीचा मॅप करता, इंजिनाचा नाही.

कॉम्प्रेशन आधी बघा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंजेक्टरचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. इथे साताऱ्यापुरती एक बाब लक्षात ठेवा. मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा धरलेला असतो आणि आपण साधारण ७०० मीटरवर आहोत. इथला हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास, समुद्रावर १०१. म्हणजे निरोगी इंजिनही मीटरवर सात-आठ टक्के कमी दाखवणार. त्यासाठी इंजिन उघडू नका. आकडे एकमेकांना धरून आहेत का, एवढंच बघा.

मग बूस्ट लीक. टर्बोच्या तोंडाला टोपण बसवून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू एक बारपर्यंत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारत जा. माझ्याकडे इंटरकूलरच्या खालच्या क्लॅम्पला बुडबुडे आले होते, तेही फक्त ०.७ बारच्या वर. आयडलला ती गळती कधीच सापडली नसती.

प्लग कंपनीपेक्षा एक नंबर थंड लावा आणि गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. बूस्ट वाढला की मोठ्या गॅपवर ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला मिसिंग करते. इंजिनाची अर्थिंग पट्टी, बॅटरीचे टर्मिनल, कूलंट, नवं ऑइल हे सगळं उरकून घ्या. त्यावर जास्त लिहीत नाही.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) टर्बोपासून साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर पुढे, कॅटॅलिटिकच्या आधी बसवा. तो आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर तिरपा हवा, नाहीतर पाणी साचून मरतो. त्याच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर खोटं लीन (पेट्रोल कमी असल्याचं) दाखवतं. त्या खोट्या आकड्यावर पेट्रोल वाढवत बसलात की दिवस वाया.

दुसरी पायरी: पेट्रोल पुरतं का, हे कागदावर

समजा क्रँकवर २०० हॉर्सपॉवरचं उद्दिष्ट आहे. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७५ ग्रॅम पेट्रोल खातं असं धरा. म्हणजे तासाला ५५ किलो. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी १३.७५ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २२९ ग्रॅम. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ३१० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३१० ला ०.८ ने भागा: ३८७ सीसी प्रति मिनिट.

आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला साधारण १३.५ पट. तेवढ्याच हवेला नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन. म्हणजे आपले ३८७ आता ४२० झाले. जुन्या हिशोबाने ४०० चे इंजेक्टर घेतलेले लोक वरच्या आरपीएमला का लीन होतात, ते यातून कळेल.

आपल्या सातारा-सांगलीच्या उसातूनच हे इथेनॉल जातं, आणि मला त्याचं वावडं नाही. इथेनॉल नॉकिंग (मिश्रण स्वतःच भडकणं) सहज होऊ देत नाही आणि बाष्प होताना हवा थंड करतं. फक्त दोन काळज्या घ्या. जुन्या रबरी नळ्या आणि सील बदलून इथेनॉल सोसणारे बसवा. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेतं, आणि पाणी फार झालं की ते मिश्रण खाली वेगळं बसतं.

पंपाचं प्रेशरही लॉग करा. रेग्युलेटर मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर एक बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३ ऐवजी ४ बार दिसायला हवेत. रेलचं प्रेशर ठरावीकच ठेवणाऱ्या गाड्यांत बूस्ट वाढला की इंजेक्टरच्या दोन तोंडांमधला फरक कमी होतो आणि इंजेक्टर नेमका गरजेच्या वेळी कमी सोडतो. त्याचा हिशोब मॅपमध्ये धरावा लागतो.

तिसरी पायरी: सेन्सर खरं बोलतात का

चावी चालू, इंजिन बंद. मॅप सेन्सरने (हा इनटेकमधला दाब मोजतो, ट्यूनिंगच्या मॅपशी नावापुरतंच साम्य) साताऱ्यात ९३ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं, सांगलीत ९५. १०१ दाखवत असेल तर स्केलिंग चुकलंय. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर बघा. लाइट १० च दाखवते का? माझ्या पहिल्या जोडणीत १४ दिसत होतं. म्हणजे स्क्रीनवर १० लिहिलेलं असताना इंजिन १४ वर चालणार होतं. चार अंशांत पिस्टन जातो. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि याच्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका.

चौथी पायरी: पेट्रोलचा मॅप

इथे एक सवय लावून घ्या. हवा-इंधनाचं गुणोत्तर विसरा, लॅम्डामध्ये विचार करा. लॅम्डा १ म्हणजे आलेल्या हवेत पूर्ण जळेल नेमकं तेवढंच इंधन, कुठलंही इंधन असो; आकडा १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त. बहुतेक मीटर आतून लॅम्डाच मोजतात आणि १४.७ ने गुणून दाखवतात. ई-२० वर मीटर ११.८ दाखवतं तेव्हा खरं गुणोत्तर १०.८ असतं, पण लॅम्डा दोन्हीकडे ०.८०. लॅम्डा धरलात तर पंप बदलला तरी गोंधळ होत नाही.

माझी उद्दिष्टं अशी: आयडल आणि साधी चाल १.०, बूस्ट नुसता सुरू होताना ०.९०, पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.७८. याहून लीन केलं तर दोन-चार हॉर्सपॉवर मिळतीलही, पण एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या तोंडाशी ९०० अंशांच्या पुढे मी जात नाही.

सुरुवातीला मॅपच्या तक्त्यातले बूस्टचे सगळे खाने मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) आणि टायमिंग मुद्दाम कमी ठेवा. मग डायनोवर गाडी एका आरपीएमला धरून ठेवा, एका लोडला, आकडा स्थिर होऊ द्या आणि खाना दुरुस्त करा. सूत्र साधं आहे: जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा, भागिले हवा असलेला लॅम्डा. खान्यात ६२ आहे, मीटर ०.८४ दाखवतं, हवंय ०.८०, तर ६५.१ लिहा. पुढचा खाना. कंटाळवाणं काम आहे. पण शेजारच्या खान्यांशी उंचसखल जुळत गेली की आलेख टेकडीसारखा सलग दिसायला लागतो, आणि एखादाच खाना सुळक्यासारखा वर आला असेल तर तिथे मोजमाप चुकलंय हे डोळ्यालाच कळतं.

ऑक्सिजन सेन्सरची आपोआप दुरुस्ती या वेळी बंद ठेवा. शेवटी चालू करा. तेव्हा ती पाच टक्क्यांच्या आत राहत असेल तर काम जमलं.

कमी लोडचे खाने रस्त्यावर भरता येतात, पण दोघं पाहिजेत. एक फक्त गाडी चालवणार, एक फक्त लॅपटॉप बघणार, वेग कायद्यातला. हायवेला वाढे फाट्यापासून शिरवळपर्यंत जाऊन-येऊन चालीचे बहुतेक खाने भरून होतात. पूर्ण थ्रॉटल मात्र रस्त्यावर नाही, कधीच नाही. त्यासाठी मी डायनोवर पुण्याला जातो.

पाचवी पायरी: टायमिंग, आणि कान

पिस्टन इथेच वाचतात आणि इथेच जातात, म्हणून इथे घाई नको.

ठिणगी लवकर दिली की टॉर्क वाढतो, एका मर्यादेपर्यंत. बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात ती मर्यादा येण्याआधीच नॉकिंग येतं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच भडकतं आणि दाबाची लाट बोअरभर आपटते. त्या आवाजाची वारंवारता बोअरवरून काढता येते: ९०० भागिले पाय गुणिले त्रिज्या मिलिमीटरमध्ये. ७२ मिमी बोअरला त्रिज्या ३६, उत्तर येतं जवळपास ८ किलोहर्ट्झ. ईसीयूमधला नॉक सेन्सरचा फिल्टर तिथे लावा.

पण सेन्सरवर एकट्यावर विसंबू नका. एसी मेस्त्रीकडून वीतभर तांब्याची नळी घ्या. एक टोक हातोडीने चपटं करा, भोक पाडा आणि ब्लॉकच्या बोल्टखाली कसा. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी, आणि तिचं टोक कारखान्यात कानाला लावतात त्या मफमध्ये. डायनोच्या गोंगाटातही इंजिनाच्या आतलं सगळं ऐकू येतं. टॅपेट टकटकतात, इंजेक्टर टिकटिकतात, हे सगळं लयीत असतं. नॉक लयीत नसतो. काचेवर खडा लागावा तसा सुटा, कोरडा टणत्कार. एकदा ऐकलात की आयुष्यभर विसरत नाही.

पद्धत अशी. १८० किलोपास्कल एकूण दाबाला, जिथे टॉर्क सगळ्यात जास्त आहे तिथे मी ६ अंशांवरून सुरुवात केली. एकेक अंश वाढवायचा, टॉर्क बघायचा, कान लावायचे. १२ ला पहिला टणत्कार आला, तेव्हा १० वर परत आलो आणि तिथेच थांबलो. हे आकडे माझ्या इंजिनाचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. दोन अंश मागे येणं मात्र सगळ्यांना लागू आहे. अंश वाढवूनही टॉर्क वाढत नसेल तर नॉक नसला तरी एक-दोन अंश मागे या, त्या अंशातून काही मिळत नाहीये.

पेट्रोल कुठलं भरून हे करायचं? जे पेट्रोल गावात कायम मिळतं ते. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन २०२० पासून ठरावीक शहरांत मिळतं, पुण्यातही. त्यावर केलेला मॅप कोरेगावच्या पंपावर काय कामाचा? हौस असेल तर दोन मॅप ठेवा आणि स्विच लावा. पण पहिला मॅप साध्या पेट्रोलचाच, आणि गाडी सुरू होताना तोच यायला हवा.

खंबाटकीत माझं इंजिन ज्याने गेलं तो प्रसंगही इथेच सोडवायचा. कमी आरपीएम, मोठा गिअर, पूर्ण बूस्ट. पिस्टन सावकाश वर येतो, मिश्रणाला भडकायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून ३००० आरपीएमच्या खाली मी आता बूस्ट दाबूनच ठेवलाय, १४० किलोपास्कलच्या वर जात नाही. चढाला खालचा गिअर टाका, इंजिनाला राबवू नका.

सहावी पायरी: बूस्ट आणि उंची

बूस्ट सोलेनॉइड (बूस्ट वाढवणारी विजेवरची झडप) आधी पूर्ण बंद ठेवा आणि वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर किती बूस्ट येतो ते लिहून ठेवा. त्याच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही. मग सोलेनॉइडची ड्यूटी (चालू राहण्याच्या वेळेचं प्रमाण) पाच-पाच टक्क्यांनी वाढवा. आणि पहिल्याच दिवशी ओव्हरबूस्ट कट लावा, उद्दिष्टाच्या १५ किलोपास्कल वर. व्हॅक्यूमची एखादी नळी निसटली तर तोच इंजिन वाचवतो.

आता आपल्या भागाची गोष्ट. वेस्टगेटच्या स्प्रिंगला बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त, एवढंच कळतं. साताऱ्यात ९३ वर ९० जोडले तर एकूण १८३. हीच गाडी कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नेली तर १०१ वर ९०, म्हणजे १९१. तुम्ही काही केलं नाही, पण इंजिनात हवा वाढली, वर कोकणातला उकाडा. मॅपमधले १९० च्या पुढचे खाने रिकामे किंवा अंदाजाने भरलेले असतील तर नॉक तिथे येईल. म्हणून मी २१० पर्यंतचे खाने भरतो, आणि तिथे टायमिंग आणखी दोन अंश कमी.

उलट बाजूला कास. यवतेश्वरचा घाट चढून साधारण १२०० मीटरवर गेलं की हवा ८८ वर येते. ईसीयू एकूण १८० दाब राखायला बघत असेल तर टर्बोला साताऱ्यात हवा १.९४ पट दाबावी लागते आणि कासला २.०५ पट. टर्बो जास्त जोरात फिरतो, हवा जास्त तापवतो. छोट्या टर्बोला हे झेपत नाही. म्हणून बाहेरचा दाब कमी झाला की बूस्टचं उद्दिष्टही तेवढंच खाली आणणारा तक्ता भरा. वर थोडी ताकद कमी लागेल, लागू दे.

सातवी पायरी: उन्हाळा

डायनोवर एका पाठोपाठ एक पुल (पूर्ण थ्रॉटलच्या धावा) घेतले की इनटेकचं तापमान चढतं. लोक थांबून पंखा मारतात आणि थंड गाडीचा आकडा छापून घेतात. मी एक पुल मुद्दाम तापलेल्या गाडीवर घेतो. इनटेक हवा ४० अंशांपर्यंत असेल तर टायमिंगला हात लावत नाही. ५० ला दीड अंश कमी, ६० ला तीन, ७० ला पाच, आणि त्याच्या पुढे बूस्ट स्प्रिंगवर. कूलंट १०५ च्या वर गेलं तरी तेच.

खरी परीक्षा घरी येताना होते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना मी खंबाटकीचा घाट चढतो, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनला ट्रकांच्या मागे तो घाट चढणं म्हणजे इंटरकूलरला वाराच नाही. सगळ्यांच्या वेगाने, आपल्या रांगेत, लॉग चालू ठेवून चढा. घरी येऊन लॉग उघडा आणि नॉकचा कॉलम बघा. माझ्या नव्या मॅपमध्ये डिसेंबरच्या मॅपपेक्षा ११ हॉर्सपॉवर कमी आहेत. त्या कॉलममध्ये मात्र सलग शून्य आहे. कासच्या रस्त्यावरही हे बघता येतं, फक्त फुलांच्या हंगामात आणि शनिवार-रविवारी नको, तेव्हा तिथे माणसं चालत असतात.

आठवी पायरी: थंड इंजिन आणि त्यानंतर

सकाळच्या स्टार्टचा मॅप सगळ्यात जास्त दिवस खातो, कारण दिवसात थंड इंजिन एकदाच मिळतं. आज स्टार्टला पेट्रोल कमी पडलं, आकडा वाढवला, आता उद्या सकाळीच कळणार. थंडीत एक आठवडा आणि पावसाळ्यात एक आठवडा एवढा वेळ याला द्या. बॅटरीचा व्होल्टेज पडला की इंजेक्टर उशिरा उघडतो, त्याचा तक्ता इंजेक्टरबरोबर आलेल्या कागदावरून भरा. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आयडल हलत असेल तर चूक बहुतेक तिथेच सापडते.

पाचशे किलोमीटर झाले की प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके किंवा चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर कुठेतरी नॉक होतोय आणि तुम्हाला ऐकू आलेला नाही. दोन अंश कमी करा, मग शोधा. हजार किलोमीटरला ऑइल बदला आणि पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. आकडे पहिल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी लिहा. माझी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये असते: तारीख, पेट्रोल कुठल्या पंपावरचं, बाहेरचं तापमान, मॅपचा नंबर, चार सिलिंडरांचे चार आकडे. गेल्या महिन्यातली नोंद १५५, १५४, १५५, १५३ आहे.